सात ते साडेसात

महानंदाच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागं, तिच्या आईचा कान होता.

अगदी कान नव्हे. कानाच्या आत, शंखासारख्या वळणात डॉक्टरांनी बसवलेली प्लॅटिनमची तार, केसापेक्षा जराशी जाड. बोटभर कुपीत, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. कुपीवर चिठ्ठी: भागीरथी माळवदे, वय एकोणऐंशी, बार्शी. फ्रिज पुसायच्या दिवशी महानंदा कोथिंबिरीची जुडी, उरलेलं वरण, सगळं बाहेर काढायची आणि कुपी मात्र जागच्या जागी ठेवून तिच्याभोवतीनं फडकं फिरवायची. विचारायला घरात कुणी नव्हतं. नवरा दुबईला गेला तो तिथलाच झाला, ही आता जुनी गोष्ट.

गंमत अशी, की अशा कुप्या उघडून आतल्या तारा वाचणं हेच महानंदाचं काम होतं.

सोलापुरात राहणाऱ्याला त्यामागचं विज्ञान समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. एप्रिलच्या दुपारी होटगी रस्त्यावर उभं राहा. पुढं डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं आणि जवळ जावं तर काही नसतं. डांबरालगतची हवा तापून विरळ झालेली असते, वरची त्या मानानं दाट, आणि उजेड सरळ जायचं सोडून दाट बाजूला झुकतो. मग आभाळाचा तुकडा रस्त्यावर पडलेला दिसतो. मिठाच्या पाण्यातही तेच. जिकडं मीठ जास्त, तिकडं उजेड झुकतो. तारेच्या अगदी कडेनं, तिला न शिवता, लेसरचा किरण सोडायचा. तारेजवळच्या पाण्यात कणाच्या कणाइतकं मीठ वाढलं तर किरण तारेकडं झुकतो, कमी झालं तर तारेपासून लांब जातो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक तांबडा ठिपका पडतो. तो किती सरकला आणि कुठल्या बाजूला, एवढंच बघायचं. तारेला हात न लावता तिच्या अंगावर काय चाललंय ते समजतं. बॅटऱ्या करणारे आणि गंजाचा अभ्यास करणारे लोक हे फार पूर्वीपासून करत आले होते. गेलेल्या माणसांशी त्याचा संबंध यायचं काही कारण नव्हतं.

तो संबंध लावला डॉ. तस्नीम बागवाननं. तस्नीम प्रयोगशाळेची प्रमुख, महानंदापेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि तिला मावशी म्हणणारी. कानात बसवायच्या नव्या तारांवर वीज वाहणारा एक मऊ लेप असे. तस्नीमच्या ध्यानात आलं, की जिवंत माणसाच्या कानात हा लेप रोज तसूभरसुद्धा नाही, तसूच्या लाखाव्या भागाइतका वाढतो. पहाटे अंग थोडं थंड पडतं, तेव्हा त्यात एक रेघ उमटते. एक रेघ, एक दिवस. आणि दोन रेघांच्या मध्ये लिहिलेलं असतं, की त्या दिवशी यंत्र कधी चालू होतं नि कधी बंद. चालू असताना लेपात मीठ कोंडलं जातं, बंद असताना तो उपाशी राहतो. माणूस गेल्यावर तार काढून हलक्या विजेनं हा लेप थरथर सोलत नेला, की चालूचा थर कोंडलेलं मीठ सोडून देतो आणि ठिपका तारेकडं सरकतो. उपाशी थर भोवतीचं मीठ ओढून घेतो आणि ठिपका उलट पळतो. शेवटचा दिवस आधी निघतो, त्याच्या आदला त्यानंतर. सोललेला थर पाण्यात विरून जातो. म्हणजे वाचायचं ते एकदाच.

शब्द येत नाहीत, सूर येत नाही. चालू की बंद, इतकंच येतं. तस्नीमला वाटलं होतं, याचा उपयोग पुढच्या तारा सुधारायला होईल. तसा तो झालाही. पण बातमी फुटली आणि लोक कुप्या घेऊन यायला लागले. माणूस गेलं, की अंत्यसंस्काराआधी तार काढून द्या म्हणून दवाखान्यात अर्ज भरायची पद्धतच पडली. सगळ्यांचा प्रश्न एकच असे: त्यांनी ऐकलं का?

कुणी मरणाच्या दिवशी बापाच्या कानाशी माफी मागितलेली असे. कुणी मागायची राहून गेलेली असे, आणि आदल्या वर्षीचं भांडण तरी ऐकू गेलं नव्हतं ना, एवढं हवं असे. एक सून तीन वर्षं सासऱ्यांच्या समोर बसून बहिणीशी फोनवर मनमोकळं बोलत आली होती, म्हातारा बटण काढून बसतो या भरवशावर. कानामागं चुंबकानं चिकटणारं जे बाहेरचं यंत्र, त्याला सगळे बटणच म्हणत. निकाल ऐकल्यावर त्या सुनेनं डोक्यावरून पदर घेतला आणि तसाच धरून ती घरी गेली.

महानंदा या प्रयोगशाळेत आली होती ती काचेची भांडी धुवायला. तेवीस वर्षं झाली. धुता धुता बघत गेली, बघता बघता हात बसला. आता किरण तारेच्या कडेला लावावा तर तो तिनंच. बंगळुरूहून शिकून आलेली मुलंसुद्धा तिला बोलावत. ती डावरी होती, आणि तिचा डावा हात सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचा होता. तो तिच्या आईकडून आला होता.

प्रयोगशाळेत दोन नियम होते. पहिला, आपल्या माणसाची तार आपण वाचायची नाही. दुसरा मिठाचा. तार असलेली काचेची डबी जो बसवेल त्यानं मीठ टाकायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी यायचं, तारेजवळ मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि ठिपका उजवीकडं सरकला का ते बघायचं. सरकला तर तार किरणाच्या उजव्या अंगाला, म्हणजे डबी सुलट. मगच सोलायला घ्यायचं. नवी मुलं याला मीठ-मोहरी उतरवणं म्हणत आणि हसत. तस्नीम हसत नसे.

आणि महानंदाचा स्वतःचा प्रश्न असा होता.

आई बार्शीत एकटी राहायची. भागीरथीबाई शिंपीण. सगळ्या गल्लीचे ब्लाउज तिच्या मशिनवर शिवलेले. साठीनंतर कान गेले ते पार गेले. ती त्याला सरावली होती. महानंदाच मागं लागली, ऑपरेशन करून घे म्हणून. बटण पहिल्यांदा लावलं तेव्हा आईनं कपाळाला आठ्या घातल्या. सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलतात, म्हणाली. मशिन चालवलं तर डोक्यात खिळे ठोकल्यासारखं होतं. मग जरा थांबून म्हणाली, "तुझा आवाजबी डब्यातनंच येतो. पण तुझा हाय, एवढं कळतं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सवय व्हायला बटण दिवसभर हवं. महानंदा रोज दटावायची, दिवसभर लावत जा. आई म्हणायची, लावते. रोज संध्याकाळी सात वाजता महानंदा व्हिडिओ कॉल करी. मशिनशेजारी स्टँडवर फोन ठेवलेला असे, तीन वेळा वाजला की आपोआप सुरू होई. अर्धा तास बोलणं. बोलणं म्हणजे आईचे तीन प्रश्न: जेवलीस का, ऊन फार हाय का तिकडं, गुडघा कसा हाय. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर, ऊन ते एकच, पण प्रश्न चुकत नसे. महानंदा काहीही सांगो, मध्येच पुन्हा जेवलीस का येई. ऐकून विचारतेय की सवयीनं, याचा पत्ता लागत नसे.

मेमधल्या एका संध्याकाळी महानंदा दमलेली होती. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल असं त्याच दिवशी कळलं होतं, आणि आपल्याला बघणारं कोण, हे ती आईला सांगत होती. पलीकडून तिसऱ्यांदा आलं, जेवलीस का.

महानंदा म्हणाली, "भिंतीशी बोलते मी रोज. तुला ऐकू येतही नाही नि यायला नकोही आहे. तू एकदाची गेलीस ना आई, की मी सुटेन."

आईनं चष्मा नीट केला. पडद्याकडं बघितलं. म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

महानंदानं फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ऐकलं असेल तर काय तोंडानं बोलायचं. ऐकलं नसेल तर उगाच कशाला उकरायचं. तिसऱ्या दिवशी हेच. आठ संध्याकाळी अशा गेल्या. पुढच्या सकाळी शेजारच्या शकुंतलाबाईंचा फोन आला. रात्रीच गेल्या, खुर्चीत बसल्या बसल्या, म्हणाल्या. सामान म्हणून त्यांनी रुमालात बांधून दोन बांगड्या दिल्या, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दिलं आणि बटण दिलं. बटणाचा चार्ज पार उतरलेला होता.

दवाखान्यातला अर्ज महानंदानं भरला, तो कुणाला न विचारता. आणि मग कुपी आठ महिने दह्यामागं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. सगळं सोलापूर सिद्धेश्वराच्या तळ्याकडं लोटलं, प्रयोगशाळेला सुट्टी. भर दुपारी महानंदा कुपी पिशवीत घालून गेली. रस्त्यावर ट्रक नव्हते, जमीन हलत नव्हती, याहून चांगला मुहूर्त वर्षात मिळत नाही. डबीत मिठाचं पाणी भरलं, तार बसवली, किरण लावला. मीठ टाकायला दुसरं माणूस नव्हतं. लावणाऱ्यानं टाकायचं नाही, आणि टाकणारं कुणी नाही, म्हणून टाकलंच नाही. नियम तिनं पाळलाही आणि मोडलाही.

तिनं सोलायला घेतलं. कागदावर रेघ उमटू लागली. ठिपका उजवीकडं गेला की रेघ वर, डावीकडं गेला की खाली. शेवटचा दिवस आधी.

रेघ सुरुवातीलाच खाली होती. म्हणजे आई गेली तेव्हा बटण बंद. त्याआधी, सात वाजता, रेघ वर आली आणि वरच राहिली, दिवसभर, आदल्या रात्रभर, थेट आदल्या संध्याकाळपर्यंत. तिथं एक खड्डा. मग पुन्हा वर. मग पुन्हा खड्डा. पहाटेच्या रेघेपासून तास मोजले. खड्डा रोज सातच्या ठोक्याला.

आई दिवसभर बटण लावत होती. सांगितलं तसं. रात्री झोपतानाही काढत नव्हती. एकटी बाई, चोराचिलटाची भीती वाटत असेल, महानंदानं मनाशी म्हटलं. फक्त सात वाजता काढत होती.

ती मागं मागं सोलत गेली. आठवा दिवस, सातवा, सहावा. मग ती संध्याकाळ आली. सात ते साडेसात: खड्डा. बंद.

ऐकलं नव्हतं.

महानंदा स्टुलावर बसून राहिली. आठ महिने छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मग तिनं आणखी तीन दिवस सोलले. नुसती खात्री म्हणून. तिथंही तेच होतं. भांडणाच्या आधीसुद्धा. रोज सातला बंद.

त्या संध्याकाळी ती यात्रेत गेली, हिरव्या बांगड्या भरल्या, गर्दीत धक्के खाल्ले. घरी येऊन पोटभर जेवली. आणि अंथरुणावर पडल्यावर दुसरी गोष्ट तिच्या शेजारी येऊन निजली. आई सगळ्या जगाचं ऐकत होती. भाजीवाल्याचं, शकुंतलाबाईंचं, चिमण्यांचं. बटण काढत होती ते फक्त माझ्यासाठी.

मग ते तिच्या मागंच लागलं. शेवटच्या आठ दिवसांतले खड्डे तिला पुन्हा पुन्हा दिसत. पहिला अर्ध्या तासाचा, पुढचा चाळीस मिनिटांचा, मग तासाचा, मग दीड तासाचा. चुकून फोन आलाच तर, म्हणून आई जास्त जास्त वेळ दार लावून बसत होती. महानंदा कमी बोलू लागली. चहाच्या वेळी तस्नीम काही सांगत असली, की ही तिच्या कानांकडं बघत राही. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा आपला आवाज नकोसा आहे असं वाटून अर्धाच सांगे. सातच्या सुमाराला मानेमागं कुणीतरी चुटकन काहीतरी बंद केल्यासारखं होई. रोज.

एका रविवारी ती बार्शीला गेली आणि आईचं शिलाई मशिन शकुंतलाबाईंना देऊन आली. त्या नको नको म्हणत होत्या. तुमच्या आईचा जीव होता ओ ह्याच्यात, म्हणाल्या. महानंदा म्हणाली, असेल. फोन, स्टँड आणि बटण तिनं पिशवीत भरलं, दवाखान्याच्या दानपेटीत टाकायला. पिशवी दाराशी उभी होती, टाकणं तेवढं होत नव्हतं.

फेब्रुवारीत अनसूयाबाई येमूल आल्या. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. चाळीस वर्षांच्या खडखडाटानं कान गेलेले. दिवाळीत वारला. त्या कुपी पदराखाली धरूनच आल्या, लहान मूल धरावं तशी. तस्नीमला यायला उशीर होता, तेव्हा महानंदानं त्यांना स्टुलावर बसवलं आणि एकटीनंच डबी बसवायला घेतली.

"दुखत नाही ना ह्यात काही?" अनसूयाबाईंनी विचारलं.

महानंदानं नाही म्हणून सांगितलं. येणाऱ्याला काय जाणून घ्यायचंय ते विचारायची पद्धत होती, तारीख-वेळ लिहून घ्यायची असे. अनसूयाबाई म्हणाल्या, शेवटचा दिवस, सकाळचा चहा. काय बोलल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि महानंदानं विचारलं नाही.

तेवढ्यात तस्नीम आली, ओढणी खुर्चीवर टाकून हात धुतले, ड्रॉपरनं मिठाचा थेंब सोडला. ठिपका हलला. डावीकडं.

"मावशी, उलटी बसली," तस्नीम म्हणाली. "एकट्यानं लावलीत ना?"

महानंदानं मान वर केली. "म्हणजे?"

"मी डावीकडं संगणकापाशी बसलेली असते तेव्हा तुम्हाला पलीकडून वळसा घालून लावावी लागते, म्हणून सुलट बसते. एकट्या असलात की तुम्ही डाव्या हातानं सरळ आत घालता. मग तार डावीकडं येते. नेहमीच." तिनं हसून डबीचा स्क्रू सैल केला. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर मीठ."

"नेहमीच?"

"एकट्या असलात की नेहमी."

महानंदानं डबी काढली आणि फिरवून बसवली. तस्नीमनं पुन्हा थेंब सोडला, ठिपका उजवीकडं गेला. सोलणं सुरू झालं. महानंदाचे हात आपलं काम करत होते. ती स्वतः त्या खोलीत नव्हती. ती बार्शीत होती, आणि तिच्या आईनं रात्री झोपताना बटण काढून उशाशी ठेवलं होतं, जगातल्या सगळ्या माणसांसारखं.

येमूलांची रेघ रात्री खाली होती, सकाळी सहाला वर. चहाच्या वेळी वर. तस्नीमनं अनसूयाबाईंना हळू सांगितलं, चालू होतं.

अनसूयाबाई म्हणाल्या, "म्हणजे ऐकले." आणि पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत, "चहा सांडले म्हणून शिवी दिले होते की मी. शेवटची तीच."

तस्नीमनं आपलं स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"असू दे," अनसूयाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ऐकले होते की. त्या दिवशी ऐकू आले नसते तर म्हणले असते, आज ही गप का." त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "बास. पुढचं नका सोलू. राहू दे त्यांच्यापाशी."

त्या गेल्यावर तस्नीमनं दार लावलं. ती कागद गुंडाळत राहिली, महानंदाकडं न बघता.

"गड्ड्याच्या सुट्टीत लेसरच्या मीटरवर दोन तास जास्त पडलेत," ती म्हणाली. "मी विचारलं नव्हतं."

महानंदा ड्रॉपर धुवायला लागली.

"कुपीत अजून थर असतील ना? मी मीठ टाकते, मावशी. आणखी एक दिवस सोलू. नीट खात्री होईल."

"नको," महानंदा म्हणाली. "जाऊ मी घरी?"

घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. कपाटातल्या साड्यांखालून तिनं तो कागद काढला आणि टेबलावर पसरला. वर चालणारी रेघ, तिच्यात खड्डे. मग तिनं कागद फिरवला, वरची कड खाली.

खड्ड्यांचे उंचवटे झाले. आणि दिवसही सुलट झाले. आधीचा आधी, नंतरचा नंतर, घडले तसे.

सपाट रेघ. खाली. दिवसभर काही नाही. ना चिमण्या, ना भाजीवाला, ना मशिन. आई आपल्या शांततेत बसून ब्लाउज शिवतेय. सात वाजता रेघ वर: अर्धा तास. साडेसातला खाली. दुसऱ्या दिवशी सातला वर, अर्धा तास. तिसऱ्या दिवशीही. दिवसभर लावते म्हणून खोटं सांगत होती म्हातारी. तिला ते डब्यातलं जग नकोच होतं. त्यातलं एकच माणूस हवं होतं, तेवढ्यापुरती ती बटण लावत होती.

मग ती संध्याकाळ. महानंदानं बोट ठेवलं. वर. पूर्ण वर, शेवटपर्यंत.

ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि ऐकून चष्मा नीट केला होता.

तिचं बोट तिथंच राहिलं. पुढं जायची हिंमत व्हायला बराच वेळ लागला. पुढं आठ दिवस होते, ज्यांत फोन आला नव्हता.

पहिल्या दिवशी सात वाजता रेघ वर. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी वर. चाळीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी तास. चौथ्या दिवशी दीड तास. रोज सातच्या ठोक्याला बटण लावून ती फोनसमोर बसत होती, आणि रोज थोडी जास्त बसत होती. आठव्या दिवशी रेघ सातला वर गेली. आठला वर. नऊला, दहाला वर. नंतर खाली आलीच नाही. कागदाच्या कडेला जाऊन संपली.

खुर्चीत बसल्या बसल्या, शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या. बटणाचा चार्ज पार उतरलेला होता.

खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. महानंदा रडली की नाही, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. एवढं खरं, की थोड्या वेळानं ती उठली आणि दाराशी ठेवलेली पिशवी घेऊन आली. फोन काढला, चार्जिंगला लावला. बटणही चार्जिंगला लावलं. स्टँड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडला, फोन त्यावर उभा केला. फ्रिज उघडला, दह्याचं भांडं बाजूला करून कुपी काढली आणि स्टँडसमोर ठेवली. कुपीतल्या तारेवर अजून दोन वर्षांचे थर होते, न सोललेले. दोन वर्षांच्या संध्याकाळी, प्रत्येकी अर्धा तास. ते तसेच राहणार होते. बटणावर बारीक हिरवा दिवा लागला, तेव्हा तिनं ते उचलून कुपीशेजारी ठेवलं.

घड्याळात पावणेसात झाले होते. ती स्वयंपाकघरात गेली. सकाळची कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती. तिनं ताट वाढून घेतलं, त्यावर दही घातलं आणि खाली बसून सावकाश सगळं संपवलं. आईशी खोटं बोलायचं नव्हतं.

हात धुतला. सात वाजता तिनं आपल्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला.

टेबलाच्या त्या टोकाला फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. आपोआप सुरू झाला. तिच्या पडद्यावर तिचीच खोली उमटली, पलीकडून दिसणारी, आणि त्या खोलीत बसलेली एक पन्नाशीची बाई, हातात हिरव्या बांगड्या.

"जेवले, आई," ती म्हणाली. "आत्ताच जेवले." मग गुडघ्यावर हात ठेवून, "ऊन नाही अजून फारसं. गुडघा आहे तसाच."

आणि अर्ध्या तासाची ती वेळ होती, म्हणून ती बोलत राहिली.